बेस, आठवा महिना: स्केल हातात आल्या, कानात अजून निम्म्याच

आठ महिने झाले बेस गिटार घेऊन आणि परवा पहिल्यांदा असं झालं की साथीचा बॅकिंग ट्रॅक चालू होता, कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) बदलली आणि मी फ्रेटबोर्डकडे, म्हणजे तारांखालच्या पट्टीकडे, बघायच्या आधीच बोट बरोबर जागी जाऊन बसलं. एकदाच झालं, पुढच्या फेरीत चुकलोच, पण झालं. म्हणून म्हटलं कुठवर आलोय ते लिहून ठेवू आणि बेस निवडताना घातलेला घोळही लिहू, कारण स्केलचा, म्हणजे सुरांच्या ठरलेल्या चढत्या क्रमाचा, जो त्रास मला तीन-चार महिने होत होता त्यातला निम्मा त्या घोळातूनच आलेला.

सुरुवात मित्राच्या पाच तारांच्या बेसवर. पडूनच आहे घेऊन जा म्हणाला, फुकट ते पौष्टिक म्हणून मीही उचलून आणला. आता नवशिक्यांसाठी जे जे शिकवतात ते सगळं चार तारांवर, ई ए डी जी, त्यामुळे 'सगळ्यात जाड तारेवर तिसरा फ्रेट' (फ्रेट म्हणजे पट्टीवरच्या धातूच्या आडव्या रेघा) असं ऐकलं की मी इमानदारीत दाबायचो, फक्त माझी सगळ्यात जाड तार बी होती, मग जीच्या जागी डी वाजायचा आणि मला वाटायचं ट्यूनिंग बिघडलंय. वर ती खुली बी साधारण ३१ हर्ट्झची, माझ्या छोट्या अँपातून सूर कमी आणि फडफडच जास्त यायची. पाच तारा वाईट असतात असं अजिबात नाही, ज्यांना खालचे सूर लागतात त्यांना लागतातच, पण ज्याला चार तारा गप्प ठेवता येत नाहीत त्याच्या हातात पाचवी कशाला. (तारा गप्प ठेवणं म्हणजे म्यूटिंग हा प्रकार मला कुणी आधी सांगितलाच नव्हता. बेसवर एक तार छेडली की बाकीच्या आपोआप गुणगुणायला लागतात, अर्धं वाजवणं म्हणजे त्यांना दाबून ठेवणं.)

मग स्वतःचा घ्यायचा ठरवलं आणि दोन महिने फक्त आवाज ऐकत बसलो. प्रिसिजन की जॅझ, प्रिसिजन की जॅझ. ही फेंडर कंपनीची दोन मॉडेलं, पहिलं १९५१ मध्ये आणलं, दुसरं १९६० मध्ये आणि तेव्हापासून हा वाद मिटलेला नाही, तो मी मिटवणार होतो बहुतेक. हेडफोन लावून तुलना ऐकायचो, वहीत नोंदी करायचो. आता हसू येतं, कारण तेव्हा माझी बोटं ज्या जोराने तार ओढायची त्यात कुठलाही बेस सारखाच वाजला असता.

खरा प्रश्न हाताचा होता आणि तो बेस प्रत्यक्ष हातात घेतल्यावरच कळला. माझा पंजा लहान आहे. इथे 'स्केल' शब्दाचा दुसरा अर्थ येतो, स्केल लेंग्थ, म्हणजे नटपासून (वरच्या टोकाची खाच असलेली पट्टी) ब्रिजपर्यंत (खाली तारा टेकतात ती जागा) तारेची लांबी. नेहमीचा बेस ३४ इंची, शॉर्ट स्केल ३० इंची. चार इंचाने काय होतंय असं वाटलेलं, पण हिशोब करून बघा, पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंत ३४ इंचीवर जवळपास १३ सेंटीमीटर होतात आणि ३० इंचीवर साडेअकराच्या आत. दीड सेंटीमीटर करंगळीला विचारा किती असतात ते.

शॉर्ट स्केल घेतला असता तरी चाललं असतं, हे मुद्दाम लिहितोय, कारण तो पोरांचा बेस असतो असं ऐकून मीही आधी नाक मुरडलं होतं आणि तिकडे बीटल्सच्या मॅकार्टनीने हॉफनर कंपनीच्या ३० इंची व्हायोलिन बेसवर काय काय वाजवून ठेवलंय. मला फक्त त्याची ई तार ढिली लागली, ताण कमी असतो ना, आणि माझं बोट जरा जोरातच पडतं त्यामुळे ती सारखी फ्रेटवर आपटायची. शेवटी ३४ इंची, चार तारांचा, जॅझ टाइप, सेकंड हँड. जॅझ का तर आवाजासाठी नाही, नटपाशी नेक (बेसचा दांडा) अरुंद, ३८ मिलिमीटरच्या आसपास, अंगठा मागे ठेवून ई तारेपर्यंत आरामात पोचतो. बस, एवढंच कारण. घरी आणल्यावर कळलं की एकच पिकअप (तारेचा आवाज पकडणारं चुंबक) चालू ठेवला तर घूं घूं येतं आणि दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की बंद होतं. दोन दिवस वायरिंग खराब आहे समजून विकणाऱ्यावर चिडलेलो, तर या प्रकारच्या बेसचा तो स्वभावच आहे, दोन पिकअप मिळून एकमेकांची घरघर मारतात.

अजून एक. पहिले पाच आठवडे डावा हात इतका दुखायचा की मला वाटलं आपल्याला जमणारच नाही. मग कुणीतरी म्हणालं बाराव्या फ्रेटवर तार किती उंच आहे मोजून बघ. पट्टी लावली तर ई तार जवळपास चार मिलिमीटर वर! सेटअप करून घेतला, नेक थोडी सरळ केली, ब्रिज खाली घेतला, आता अडीचच्या आसपास आहे, आणि दुखणं आठवड्यात निम्मं झालं. सेकंड हँड घेणाऱ्याने हे पहिल्या दिवशी करावं, मी पस्तिसाव्या दिवशी केलं.

आता स्केल. पहिली जी मेजर, ई तारेवर ३, ५, मग ए वर २, ३, ५, मग डी वर २, ४, ५. सगळे सांगतात एका फ्रेटला एक बोट ठेवा, मी ठेवायला गेलो आणि मनगट वाकडं करून बसलो. मग डबल बेसवाल्यांची जुनी पद्धत सापडली, सिमांडलची, तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी एवढंच वापरायचं, अनामिका फक्त करंगळीला टेकू देते. तीन फ्रेटचीच पकड होते, चौथ्यासाठी आख्खा हात सरकवायचा. ताणायचं नाही, सरकायचं. खालच्या पाच फ्रेटमध्ये मी आता असंच वाजवतो आणि वर गेलं की एका फ्रेटला एक बोट, तिथे फ्रेट जवळजवळ असतात त्यामुळे झेपतं.

बेसची मजा ही की सगळ्या तारा एकमेकींपासून सारख्याच अंतरावर लावलेल्या असतात. गिटारमध्ये जी आणि बी मधलं अंतर वेगळं पडतं आणि आकृती मोडते, इथे मोडत नाही. म्हणजे जी मेजरचा आकार उचलायचा, दोन फ्रेट वर ठेवायचा, झाली ए मेजर. सोपं वाटतं ना? याच सोपेपणाने माझे दोन महिने खाल्ले. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) लावून रोज वर खाली, वर खाली, मिनिटाला ६० ठोक्यांपासून १२० पर्यंत नेलं, बारा जागांवरून वाजवलं आणि मग तीन कॉर्डचा साधा बॅकिंग ट्रॅक लावला तर डोकं पाटी कोरी. बोटांना आकार पाठ होता, आपण आत्ता कुठल्या सुरावर आहोत हे कानाला माहीतच नव्हतं. जिना रोज चढतोय उतरतोय, पण तिसरी पायरी दाखव म्हटलं तर तळापासून मोजत यायचं, तसं.

गाडी हलली ती सरगममुळे. लहानपणी पेटीवर थोडं शिकलेलो, ते इथे कामाला येईल असं वाटलं नव्हतं. मेजर स्केल म्हणजे बिलावल थाटाचेच सूर, मग मी प्रत्येक सूर वाजवताना तोंडाने सा रे ग म म्हणायला लागलो, खाली मूळ सुराचा ड्रोन (तानपुऱ्यासारखा सतत वाजणारा सूर) लावून. दोन आठवड्यांत 'ग' कुठे आहे हे मोजावं लागेना. डोरियन स्केल म्हणजे काफी, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, ही भयंकर नावं वाचून मी पळालो होतो आणि ओळखीचीच निघाली. मायनर पेंटाटोनिक (पाच सुरांची स्केल) तर सा, कोमल ग, म, प, कोमल नी, धानी राग वाजवा म्हटलं असतं तर पहिल्या दिवशी वाजवली असती.

पण एक ठिकाणी ही युक्ती अडते आणि तिथे मी अजून अडकलेलो आहे. रागात सा जागचा हलत नाही. इथे ट्रॅक जी मध्ये असला तरी सी कॉर्ड आली की तिचा मूळ सूर सी, मग ई, मग जी, आणि हेच तीन सूर जीच्या हिशोबाने म, ध, वरचा सा. दोन्ही बरोबर आहेत. मी सध्या प्रत्येक कॉर्डला तिचा स्वतःचा सा देतो आणि सा ग प शोधतो, कारण बेसवर पहिल्या ठोक्याला कॉर्डचा मूळ सूर पडला पाहिजे, बाकी नंतर. पण मग आपण एकूण गाण्यात कुठे आहोत ते हरवतं. ज्यांना दोन्ही एकदम ऐकू येतं त्यांनी ते कसं जमवलं सांगा.

सध्याचा रोजचा अर्धा तास असा: जी, सी, डी, दोन दोन बार, मेट्रोनोम ७० वर. आधी फक्त मूळ सूर, मग मूळ सूर आणि पंचम, पंचम म्हणजे पुढच्या तारेवर दोन फ्रेट वर, डोळे मिटून सापडतो. मग शेवटच्या ठोक्याला पुढच्या कॉर्डच्या मूळ सुराच्या एक फ्रेट खालचा सूर. जीवरून सीला जाताना बी, तो जी कॉर्डचा गंधारच आहे त्यामुळे काही वाटत नाही. पण सीवरून डीला जाताना सी शार्प, हा जी मेजरमध्ये नाहीच आणि तरी काय गोड लागतो! आठ महिने स्केलच्या आत राहायला शिकलो आणि सगळ्यात जास्त मजा बाहेरच्या सुराने दिली. फक्त तो थोड्या वेळासाठीच हवा, त्यावर रेंगाळलं की वाट लागते, मी रेंगाळून बघितलंय.

७० वर सी शार्प वेळेत पडतो. ९० ला नेलं की मी डीवर उशिरा पोचतो, आणि गंमत म्हणजे उजव्या हातामुळे, तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून यायला हवं तिथे तार बदलली की तर्जनीच दोनदा पडते. मोटाउनचा प्रसिद्ध बेसवादक जेमर्सन आख्खं एका बोटाने वाजवायचा हे वाचून जरा बरं वाटलेलं, पण ते बोट त्याचं होतं. या महिन्यात स्केल तेवढ्याच ठेवून फक्त उजवा हात करणार आहे, ७५ पासून.