न्यूट्रोफिलांना कुणी बोलावलं?

बायोप्सीसोबत आलेल्या अर्जावर एंडोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलं होतं: 'ड्युओडेनममध्ये अल्सर. रॅपिड युरिएज टेस्ट निगेटिव्ह. वेदनाशामक गोळ्यांचा परिणाम?' ड्युओडेनम म्हणजे जठराला लागून असलेला लहान आतड्याचा पहिला भाग, आणि ती टेस्ट अल्सर करणारा हेलिकोबॅक्टर हा जंतू शोधते. पन्नाशीच्या बाई, शौचाला काळं होत होतं, हिमोग्लोबिन घसरलेलं. अल्सर आधीही झाला होता, अ‍ॅसिड कमी करणाऱ्या गोळ्यांनी भरला होता आणि आता पुन्हा झाला होता. गुडघेदुखीसाठी अधूनमधून गोळी घेत, त्यामुळे डॉक्टरांची शंका चुकीची म्हणता येत नव्हती.

मी पॅथॉलॉजिस्ट. माझ्यापर्यंत पोहोचतात ते जठराचे काही मिलिमीटरचे तुकडे. माझी रेसिडेंट माझ्या आधी अँट्रमच्या, म्हणजे जठराच्या खालच्या भागाच्या, स्लाइड पाहून बसली होती. जंतू उठून दिसावेत म्हणून वापरतात तो जिम्सा रंगही तिने करून घेतला होता.

"मॅडम, अँट्रममध्ये जंतू कुठेच नाहीत. जिम्साही बघितला. निगेटिव्ह लिहू?"

"जंतूंचं नंतर बघू. दाह कसा आहे ते सांग."

लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा या रोगप्रतिकारक पेशींची दाटी, एका कडेला अशा पेशींचा चांगला मोठा पुंजका (लिम्फॉइड फॉलिकल), आणि ग्रंथींच्या मानेपाशी अस्तराच्या पेशींमध्ये शिरलेले थोडे न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी. तिने सगळं बरोबर टिपलं होतं, फक्त त्याचा अर्थ लावला नव्हता. वेदनाशामकांनी बिघडलेलं जठर असं दिसत नाही. तिथे अस्तरातल्या खाचा लांबतात, नागमोडी होतात, पण दाहाच्या पेशी फार नसतात. इथे मात्र न्यूट्रोफिल होते, आणि ते आपणहून येत नाहीत.

त्यांना बोलावतो कोण, हे मला आजही विलक्षण वाटतं. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा नागमोडी जंतू युरिएज या विकराने युरियापासून अमोनिया तयार करतो, त्याने भोवतीचं आम्ल शमवतो आणि शेपटीसारख्या तंतूंनी पोहत श्लेष्माच्या थरात शिरतो. बहुतेक जंतू तिथेच राहतात, ऊतींच्या आत जात नाहीत. पण अस्तराला चिकटलेले काही जंतू सुईसारख्या यंत्रणेतून 'कॅगए' हे प्रथिन थेट आपल्या पेशीत टोचतात. डिवचलेली पेशी इंटरल्यूकिन-८ सोडते, त्या हाकेवर न्यूट्रोफिल धावून येतात आणि त्यांच्या माऱ्यात आपलंच अस्तर पोळतं. जंतू श्लेष्मात बऱ्यापैकी सुरक्षित राहतो, म्हणून लढाई वर्षानुवर्षं संपत नाही. अँट्रमच्या दाहात आम्लाला लगाम घालणारं सोमॅटोस्टॅटिन घटतं, आम्ल वाढवणारं गॅस्ट्रिन वाढतं, आणि जादा आम्ल ड्युओडेनमवर जाऊन पडतं. या बाईंचा अल्सर नेमका तिथेच होता.

"कॉर्पसचे तुकडे वेगळ्या बाटलीत आहेत का?" मी विचारलं. होते. एंडोस्कोपी करणाऱ्यांनी जठराच्या वरच्या भागातूनही नमुने घेतले होते, त्याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे. त्यांचाही जिम्सा करून घेतला. ऑइल इमर्शनखाली खाचांमधल्या श्लेष्मात, अगदी खोलवर, निळसर वाकड्या जंतूंची ओळ दिसली. रेसिडेंटने भिंगातून बघितलं आणि बराच वेळ डोळा काढला नाही.

मी डॉक्टरांना फोन लावला. "सर, अ‍ॅसिडची गोळी चालू आहे का?"

"हो, दोन महिने. रक्तस्राव होता, बंद कशी करणार?"

कोडं तिथेच सुटलं. पीपीआय गटाच्या या गोळ्यांनी आम्ल कमी झालं की अँट्रममधले जंतू विरळ होतात आणि वर कॉर्पसकडे सरकतात. अँट्रमच्या तुकड्यावर केलेली युरिएज टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून चाचणीआधी ही गोळी दोन आठवडे थांबवतात. पण रक्तस्राव होणाऱ्या अल्सरमध्ये तसं करणं धोक्याचं, आणि मग दोन्ही भागांच्या बायोप्सीवरच भिस्त असते.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधले रॉबिन वॉरेन हेही पॅथॉलॉजिस्टच होते. १९७९ मध्ये त्यांना जठराच्या स्लाइडवर हे जंतू दिसले, आणि दाह व जंतू सोबत असतात हे त्यांनी चिकाटीने मांडलं. त्यांचे सहकारी बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये जंतू वाढवून दाखवला, १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन गॅस्ट्रायटिस, म्हणजे जठराचा दाह, ओढवून घेतला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्या दुपारी रेसिडेंटला मी हे सांगत बसले, थोडं जास्तच लांबवलं असेन.

रिपोर्टमध्ये 'सक्रिय जुनाट गॅस्ट्रायटिस, हेलिकोबॅक्टर पॉझिटिव्ह' असं लिहिलं. त्याखालची ओळ लिहिताना फार बरं वाटलं: ग्रंथींची झीज नाही, इंटेस्टिनल मेटाप्लेझिया (जठराचं अस्तर आतड्यासारखं होणं) नाही. कॉर्पसमधला दाह असाच चालू राहिला तर काही जणांत कर्करोगाची वाट तिकडूनच जाते. १९९४ पासून हा जंतू जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या यादीत कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे.

बाईंना चौदा दिवस बिस्मथसह चार औषधं दिली. ती संपल्यावर महिनाभराहून अधिक थांबून, या वेळी पीपीआय दोन आठवडे बंद ठेवून, श्वासाची युरिया चाचणी झाली. ती निगेटिव्ह आली, आणि हिमोग्लोबिनही चढू लागलं.