बुसान स्टेशनसमोरचा डोंगर नक्की चढा

दक्षिण कोरियातल्या बुसानला आलेले आपले लोक हाएउन्देचा बीच, फिश मार्केट आणि गामच्योनची रंगीत घरं बघतात, फोटो काढतात आणि परत जातात, म्हणून इथे येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते की अर्धा दिवस छोर्यांग या डोंगरावरच्या वस्तीसाठी काढाच. स्टेशनातून बाहेर पडून नुसता रस्ता ओलांडायचा, छोर्यांग इबागू-गिल ही चालायची वाट तिथूनच सुरू होते. आधी 1920च्या दशकातली जुन्या बेक्जे हॉस्पिटलची विटांची इमारत लागते, आता तिथे कॅफे आहे, कॉफी हवी तर घ्या पण फार वेळ घालवू नका, खरी गोष्ट वर आहे.

1950 मध्ये कोरियन युद्ध सुरू झालं, राजधानी सोल पडलं, सरकार बुसानला आलं आणि मागोमाग लाखो निर्वासित आले. खालची सपाट जागा बंदर, रेल्वे आणि आधीच्या वस्तीने भरलेली, मग माणसं डोंगरावर चढली आणि फळ्या, पत्रे, पुठ्ठे मिळेल त्यातून झोपड्या उभ्या राहिल्या. वाटेतल्या 168 पायऱ्या त्याच काळातल्या, एकदम खड्या. पायथ्याशी विहिरी होत्या, बायका पाण्याच्या रांगेत उभ्या राहायच्या आणि भरलेली भांडी घेऊन याच पायऱ्या चढायच्या, आणि बंदरात बोट लागली की पुरुष इथूनच धावत खाली जायचे कारण हमालीचं काम आधी पोचेल त्याला. गुडघे ठीक असतील तर चालतच चढा, मधे थांबून मागे वळलात की अख्खं बंदर दिसतं आणि रोज हे अंतर करणं म्हणजे काय ते पायांना कळतं.

वर गेल्यावर डॉ. जांग गी-र्यो यांचं स्मारक आहे, ते अजिबात चुकवू नका. हे सर्जन 1950च्या डिसेंबरमध्ये उत्तर कोरियातल्या प्याँगयांगहून एका मुलाला घेऊन निघाले, बायको आणि बाकीची मुलं तिकडेच राहिली ती कायमचीच, 1995 मध्ये डॉक्टर गेले तोपर्यंत बायकोची भेट झाली नाही. बुसानमध्ये त्यांनी तंबूत गरिबांना फुकट तपासायला सुरुवात केली, आणि 1968 मध्ये, सरकारी आरोग्य विमा नव्हता तेव्हा, ब्लू क्रॉस नावाची विम्याची सहकारी संस्था काढली, दर महिन्याला थोडे थोडे पैसे भरायचे आणि आजारपणात उपचार मिळायचे. 1979 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी तो आपल्या जामखेडच्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनाही मिळाला होता! हे लक्षात आलं तेव्हा मला फार भरून आलं, दोन्हीकडे डॉक्टर गरिबांच्या दारात गेले होते.

शेवटी मांग्यांग-रो हा डोंगराच्या कडेने जाणारा रस्ता लागतो, 1960च्या दशकात झालेला. इथल्या काही घरांची गच्ची रस्त्याच्या लेव्हलला येते म्हणून गाड्या चक्क गच्चीवर पार्क करतात, बाकी गच्च्यांवर निळ्या पाण्याच्या टाक्या. आता इथे बरीचशी म्हातारी माणसं उरलीयेत, तरुण खाली फ्लॅटमध्ये गेले, त्यामुळे गल्लीतून जाताना आवाज कमी ठेवा आणि कोणाच्या खिडकीत कॅमेरा घालू नका. उतरताना पाय बोलायला लागले तर 86 नंबरची बस याच रस्त्यावरून जाते.