स्वातीविरुद्ध तक्रार

मे महिन्यातला, अमावस्येजवळचा शनिवार. नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या पुढे एका द्राक्षबागेत पाहुण्यांची राहायची सोय आहे, तिथे माझा आकाशदर्शनाचा कार्यक्रम होता. आठ इंची आरशाची डॉबसनियन दुर्बीण गाडीत कोंबायची आणि अंधार शोधत जायचं, ही माझी शनिवारची नोकरी. अंधार तरी किती? पूर्वेला नाशिकच्या दिव्यांचा उजेड क्षितिजावर पसरलेलाच असतो.

सुरुवात नेहमीप्रमाणे सप्तर्षीपासून. शेपटीची कमान तशीच पुढे ओढली की स्वाती, आणखी ओढली की चित्रा. दुर्बिणीतून तारा कितीही मोठा केला तरी ठिपकाच राहतो आणि लोक "एवढंच?" म्हणतात. म्हणून मी फोकस मुद्दाम बिघडवतो. ठिपक्याचा मेदूवडा होतो आणि त्यात स्वातीचा केशरी रंग छान पसरतो. मग बोलायला विषय मिळतो: पृष्ठभाग सूर्यापेक्षा थंड, साधारण ४,००० अंश सेल्सिअस, म्हणून रंग असा. वजन जवळपास सूर्याएवढंच, पण गाभ्यातला हायड्रोजन संपल्यामुळे फुगून सूर्याच्या पंचवीसपट रुंद झालेला म्हातारा तारा.

"कोणती म्हणाले सर?" मागून आवाज आला. मालकांचे वडील. सगळे त्यांना नाना म्हणत होते. इतका वेळ खाटेवर पडून ऐकत होते.

"स्वाती, नाना."

"हिनंच माझी बाग घालवली."

पाहुणे हसले. नाना हसले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, झाली, फुटवे निघाले, आणि ऐन स्वाती नक्षत्रात पाऊस लागला. चार दिवस ऊन नाही. बागेत इतका चिखल की ट्रॅक्टर आत जाईना, मग औषध फवारायचा ब्लोअर कसला फिरवता? घड जिरले, म्हणजे कोवळ्या घडाची बाळी झाली, नुसता वेलीचा तणावा. उरल्यासुरल्यावर डाऊनी, म्हणजे केवडा रोग, आला. "पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती," नाना म्हणाले, "हे ज्यानं म्हटलं त्याची ज्वारी असंल. त्याला द्राक्षं लावायला सांगा."

म्हण रब्बीवाल्यांची, हे बरोबरच होतं. पण स्वातीवरचा आळ मला बघवेना. मी सांगितलं, नाना, स्वातीचा पाऊस म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात असतानाचा, साधारण २४ ऑक्टोबरपासून पुढच्या तेरा-चौदा दिवसांतला. स्वातीचा तारा स्वतः सूर्याच्या वाटेवर नाहीच. त्या वाटेच्या तीस अंश उत्तरेला आहे. त्या दिवसांत सूर्य मावळला की साधारण पाऊण तासात स्वातीही मावळते. पाऊस आणते ती बंगालच्या उपसागरातली किंवा अरबी समुद्रातली गडबड. नक्षत्र नुसतं कॅलेंडरचं पान.

"पान तर पान," नाना म्हणाले. "दाखवा."

अकरा वाजून गेले होते आणि इथे माझी पंचाईत झाली. नाशिकचे अक्षांश २०, स्वातीची क्रांती, म्हणजे आकाशातले अक्षांश, १९. ती आपल्या जवळजवळ डोक्यावरून जाते, आणि डॉबसनियन नेमकी डोक्यावर वळवताना अडते. दहा मिनिटं मी गुडघ्यावर बसून झटत होतो. शेवटी नानाच म्हणाले, "राहू द्या," आणि खाटेवर उताणे झाले. त्यांना ती नुसत्या डोळ्यांनी, मानेला कसलाही त्रास न होता दिसत होती. मीही शेजारी पथारीवर आडवा झालो. इतक्या वर्षांत मी स्वातीकडे असं कधी पाहिलंच नव्हतं. कायम भिंगातून, कायम पाहुण्यांची रांग सांभाळत.

"किती लांब?"

"३७ प्रकाशवर्षं. आत्ता दिसतोय तो उजेड ३७ वर्षांपूर्वी निघालेला."

"तेव्हा इथं नागली होती." थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग, "आणि इथलं तिला दिसायलाही तेवढीच वर्षं?"

"तेवढीच."

"म्हणजे माझे घड जिरले ते तिला अजून ठाऊकच नाही."

त्यांनी कूस बदलली. मी दुर्बीण गाडीत भरायला उठलो.