मोटर शाबूत, कार्बन संपलेले: वॉशिंग मशीनच्या पिळण्याच्या वेगाविषयी

गेल्या आषाढात आमचे नऊ वर्षांचे फ्रंट लोड मशीन मध्येच थांबू लागले. पाणी भरले जाई, ड्रम दोन-चार फेरे घेई आणि कपडे पिळायची वेळ आली की सारे निपचित होई. चिपळूणच्या पावसात दोरीवरचे कपडे चौथ्या दिवशीही दमट लागतात आणि त्यांना कुबट वास येऊ लागतो, त्यामुळे मशीनने कपडे किती घट्ट पिळले यावर घरातल्या माणसांचा अर्धा दिवस अवलंबून असतो. मोटर जळाली असावी, असे धरून मी नवीन मशीनच्या किमती पाहायलाही सुरुवात केली होती.

दुरुस्तीला आलेल्या काकांनी मागचे झाकण काढले, पट्टा उतरवला, मोटर बाहेर घेतली आणि तिच्या दोन्ही बाजूंचे कार्बन ब्रश काढून माझ्या तळहातावर ठेवले. नवा ब्रश अंगठ्याच्या पेराएवढा होता आणि जुना झिजून जेमतेम नखाएवढा उरला होता. "मोटर शाबूत आहे, साहेब. कार्बन संपलेत," एवढेच ते म्हणाले. अर्ध्या तासात मशीन सुरू झाले आणि खर्च नव्या मशीनच्या तुलनेत नगण्य होता.

अशा मोटरला युनिव्हर्सल मोटर म्हणतात. तिच्या फिरत्या भागाला वीज पोहोचते ती कम्युटेटरवर, म्हणजे त्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर, घासत राहणाऱ्या या दोन कार्बनांमधून, त्यामुळे त्यांनी झिजावे हे ठरलेलेच असते. मोटरवरची पुली लहान आणि ड्रमवरची दहा-बारा पट मोठी असल्यामुळे ड्रम मिनिटाला १००० फेरे घेत असताना मोटर दहा हजारांहून अधिक फेरे घेत असते. इतक्या वेगामुळे आवाज मोठा होतो, पण मोटर आकाराने लहान आणि स्वस्त राहते, शिवाय तिचा बिघाड बहुधा बदलता येण्याजोग्या भागातच होतो. या साध्या गुणाची दुकानात कोणी दखल घेत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुकानात वेगाचा आकडा मात्र आवर्जून सांगितला जातो. कपड्यांतले पाणी बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे १००० ऐवजी १४०० फेऱ्यांवर तो जवळजवळ दुप्पट होतो. पण तो ड्रमच्या त्रिज्येवरही अवलंबून असतो. सेमी ऑटोमॅटिक मशीनच्या ड्रायरमध्ये कंडेन्सरवर चालणारी साधी इंडक्शन मोटर असते आणि ड्रायरचे भांडे थेट तिच्याच दांड्यावर बसवलेले असते. आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झ विजेवर चार चुंबकीय ध्रुवांची अशी मोटर १५०० च्या थोडी खाली, सुमारे १४०० फेऱ्यांवर फिरते. भांड्याची त्रिज्या साधारण १२ सेंटीमीटर धरली, तर भिंतीला चिकटलेल्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २६० पट जोर येतो, आणि २४ सेंटीमीटर त्रिज्येच्या फ्रंट लोड ड्रममध्ये १००० फेऱ्यांना जवळपास तेवढाच जोर मिळतो. आमच्या आईचा जुन्या ड्रायरवर जो विश्वास होता, त्याला असा भक्कम आधार आहे.

हल्लीच्या इन्व्हर्टर मशीनमध्ये ब्रश नसतात. (वीज गेल्यावर घर चालवणारा इन्व्हर्टर या मशीनमध्ये असतो असा या नावाचा अर्थ नाही, तरीही हा गैरसमज मला वारंवार भेटतो.) बहुतेक ठिकाणी रोटरवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावर, स्थायी चुंबक असतात आणि त्यांना किती वेगाने फिरवायचे ते इलेक्ट्रॉनिक सर्किट ठरवते. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये तर पट्टाही जातो, कारण रोटर ड्रमच्याच दांड्यावर मागून बसवलेला असतो. न्यूझीलंडच्या फिशर अँड पायकेलने १९९१ मध्ये आणि एलजीने १९९८ मध्ये ही रचना बाजारात आणली. आवाज कमी होतो आणि वेगावर नेमके नियंत्रण राहते, हे फायदे खरे आहेत. मात्र झिजणाऱ्या कार्बनची जागा महागड्या पीसीबीने, म्हणजे त्या इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाटीने, घेतलेली असते, आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून तीनदा जाते-येते, दाब वरखाली होतो, दमट हवेत किडे-मुंग्या आत शिरतात. त्यामुळे वॉरंटीचे कागद वाचताना मोटरची मुदत वेगळी आणि पीसीबीची वेगळी आहे का, हे मी आधी पाहतो.

पट्टा असो वा नसो, ड्रमचा दांडा बेअरिंगवरच फिरतो. बेअरिंगपुढचे रबरी ऑइल सील झिजले की साबणाचे पाणी आत झिरपते, ग्रीस धुऊन जाते, गोळ्यांना गंज चढतो आणि पिळताना विमान उडाल्यासारखा घरघराट सुरू होतो. एकच जाड चादर एकटी टाकली तर भार एका बाजूला जातो आणि तो भार बेअरिंगला सोसावा लागतो. मशीन तो असमतोल ओळखून कपडे पुन्हा विस्कटायचा प्रयत्न करते आणि तरीही जमले नाही तर कमी वेगावरच पिळते, म्हणून दारावरचा १४०० चा आकडा प्रत्येक धुण्याला मिळतोच असे नाही. कित्येक मशीनच्या बाहेरच्या टबाचे दोन भाग कायमचे जोडलेले असतात, त्यामुळे बेअरिंगसाठी अख्खा टब बदलावा लागतो. खरेदीपूर्वी हे विचारलेच पाहिजे.

काकांनी जाताना मशीन बंद ठेवून रिकामा ड्रम हाताने फिरवून दाखवला आणि मग त्याची आतली कड वर उचलून पाहिली. खरखर नव्हती आणि कड ढिली लागत नव्हती. तेव्हापासून रोजचे कपडे आम्ही ८०० वर आणि टॉवेल-चादरी १००० वर पिळतो. महिन्यातून एकदा मी तसाच ड्रम फिरवून कान देतो, आणि सुट्या कार्बनची एक जोडी पाकिटासकट मीटरच्या खणात ठेवलेली आहे.