पासवर्ड बरोबरच होता

दिवसभर पाऊस. खानापूरकडची लाईट दुपारी गेली ती गेलीच. पण मनात राहिलंय ते एका मुलीचं एकच वाक्य. तिचा लॅपटॉप कॉलेजच्या वायफायला जोडला जात नव्हता, आणि ती म्हणाली : "दादा, माझाच पासवर्ड चुकत असणार."

चुकत नव्हता. जोडणी फसली की तिच्या लॅपटॉपवरची उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली पासवर्डची चौकट पुन्हा पुन्हा पुढे करते, म्हणून माणूस स्वतःवरच संशय घेतो. कॉलेजच्या वायफायला पीईएपी ही लॉगिनची पद्धत आहे : आधी सर्व्हरशी टीएलएसचा, म्हणजे सांकेतिक जोडणीचा, बोगदा बनतो, पासवर्ड त्यातून नंतर जातो. इथे बोगदाच बनत नव्हता, मग पासवर्ड तपासणार कोण? वायफायची जोडणी करणाऱ्या डब्ल्यूपीए सप्लिकंट या प्रोग्रामच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींत, स्पष्ट होतं : 'अनसेफ लेगसी रीनिगोशिएशन डिसेबल्ड', म्हणजे जोडणीच्या अटी पुन्हा ठरवण्याची जुनी, असुरक्षित पद्धत बंद आहे. त्या पद्धतीत २००९ मध्ये सापडलेल्या त्रुटीवर उपाय म्हणून आरएफसी ५७४६ हा इंटरनेटचा मानक दस्तऐवज फेब्रुवारी २०१० मध्ये आला. सर्व्हर तो पाळत नसेल, तर उबुंटूत टीएलएसचं काम करणारं ओपनएसएसएल ३ जोडणीच नाकारतं. नाकारणं योग्यच आहे. पण दोष पासवर्डवर का?

आधी फोन यूएसबीनं जोडून त्याच्या नेटवरून अपडेट घ्यायचे. तेवढ्यानं भागलं नाही तर ओपनएसएसएलच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाईलची वेगळी प्रत करून तिच्यात 'अनसेफ-लेगसी-रीनिगोशिएशन'चा पर्याय घालायचा, आणि सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) ओव्हरराईडमधून, म्हणजे वरून घातलेल्या सेटिंगमधून, ती प्रत फक्त सप्लिकंटला द्यायची. मूळ फाईलला हात लावला तर ब्राउझर सोडून बाकी बरंच काही ढिलं पडतं. लॉगमध्ये 'अनसपोर्टेड प्रोटोकॉल' दिसलं तर दुखणं वेगळं : सर्व्हर टीएलएस १.० या जुन्या आवृत्तीवर अडकलाय, तिथे त्याच प्रतीत ओपनएसएसएलची सिक्युरिटी लेव्हल (सुरक्षेची पातळी) ० करावी लागते.

सर्व्हर खरा असल्याची खात्री देणाऱ्या सर्टिफिकेटची तपासणी बंद करून मोकळं व्हा, असं सांगणारे भेटतात. चीड येते. त्याच नावाचं खोटं वायफाय कुणीही उभं करेल आणि पोरांची लॉगिनं गोळा करेल.

ती "थँक्यू" म्हणाली, पण स्वर अपराध्याचाच. वाईट वाटलं, इतकं लॉग वाचून शेवटी तिच्या मनातलं काही हललंच नाही. घरचंही तिनं काहीतरी सांगायला सुरू केलं होतं... असो.

चौकट बदलणं माझ्या हातात नाही, हे आता मान्य आहे. पुढच्या वेळी आधी लॉगमधली ती ओळ समोर ठेवून दाखवायची, दुरुस्ती नंतर. सर्व्हर सांभाळणाऱ्यांनाही आरएफसीचा क्रमांक लिहून पाठवलाय. खरी दुरुस्ती त्यांच्याकडेच व्हायची आहे.