दुखणारा जबडा आवळलेलाच असतो का? – एमडीएसच्या प्रबंधाचा माझा अनुभव

एमडीएस म्हणजे दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण. त्याच्या प्रबंधासाठी जबड्याच्या स्नायूंचं दुखणं हा विषय घेतला तेव्हा सीनियर म्हणाले, "इम्प्लांटवर (कृत्रिम दात बसवण्यावर) काहीतरी घे, लवकर सुटशील." पण मला एकाच प्रश्नाने पछाडलं होतं. दुखतं म्हणून स्नायू आवळतो आणि आवळतो म्हणून आणखी दुखतं, हे आम्ही गृहीतच धरायचो. ते खरं आहे का?

या समजाला धक्का दिला कॅनडातले मेंदूशास्त्रज्ञ जेम्स लंड यांनी. १९७१ मध्ये त्यांनी आणि पीटर डेलो यांनी सशांवर दाखवलं की चावण्याचा ताल ब्रेनस्टेममध्येच, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या देठातल्या चेतापेशींच्या जाळ्यात तयार होतो. स्नायू औषधाने लुळे केले तरी नसांमधला ताल चालूच राहतो. १९९१ मध्ये लंड आणि सहकाऱ्यांनी मांडलं की वेदना याच जाळ्यावर काम करते. जो स्नायू हालचाल घडवतो त्याचा जोर घटतो, विरुद्ध स्नायूचा थोडा वाढतो आणि जबडा हळू, कमी हलतो. म्हणजे शरीर दुखरा भाग जपत असतं.

सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, नाशिकमधल्या म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेला, त्याआधी माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी एथिक्स कमिटी. निरोगी स्वयंसेवकांच्या गालात ५ टक्के मिठाचं पाणी टोचायचं, असं मी लिहिलं होतं. संशोधनात ही पद्धत रूढ आहे, वेदना काही मिनिटांत ओसरते. कमिटीतल्या एका वकील बाईंनी विचारलं, "दुखणारे पेशंट ओपीडीत येतातच, मग धडधाकट माणसाला का दुखवायचं?" मला ते पटलं. इंजेक्शन वगळलं, संमतीपत्र सोप्या मराठीत लिहिलं आणि मंजुरी मिळाली.

मग बोटांची तालीम. तपासताना मॅसेटरवर, म्हणजे गालातल्या चावण्याच्या स्नायूवर, १ किलोचा दाब द्यायचा असतो. घरी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बोट दाबून तो हाताला बसवला.

निफाडकडच्या एक मावशी आल्या. डावी दाढ दुखते म्हणून दुसरीकडे दोन रूट कॅनल झालेले, दुखणं जागच्या जागी. मी दाढेला हात न लावता गालावर दाब दिला. "मावशी, रोज दुखतं ते हेच का?"

"हेच गं ताई! पण दुखायची तर दाढ ना?"

दात, त्वचा आणि स्नायू यांचे संदेश ब्रेनस्टेममधल्या एकाच पेशीवर येऊन मिळतात, हे टोरांटोच्या बॅरी सेसल यांच्या गटाने १९८६ मध्ये मांजरांवर दाखवलं. मेंदूला पत्ता चुकीचा लागतो तो इथे. त्यापायी चांगल्या दाढांच्या नसा काढल्या जातात, याचा मला फार त्रास होतो.

गाल स्पिरिटने पुसून स्नायूंचे विद्युत संदेश टिपणारे इलेक्ट्रोड लावले. आरामात असताना आलेख जवळपास सपाट. "दात घट्ट दाबा" म्हटल्यावर दुखऱ्या बाजूचा उठला, पण उजवीपेक्षा बराच ठेंगणा.

सगळ्यांचं असं दिसलं नाही. काहींच्या दोन्ही बाजू सारख्या, एखाद्याची उलटीच. गाईड मॅडमनी मग मरे आणि पेक या संशोधकांचा २००७ चा लेख पुढ्यात ठेवला: वेदनेशी जुळवून घेण्याची तऱ्हा माणसागणिक बदलते. चर्चेचं प्रकरण मी त्यावरच नव्याने लिहिलं.

मावशींना शेक, मऊ खाणं आणि जबड्याचे हलके व्यायाम दिले. दात यंत्राने झिजवून चाव बदलणं मुद्दाम टाळलं, कारण झिजवलेला दात परत येत नाही. महिन्याभराने त्या भाकरी कुस्करून न घेता खायला लागल्या होत्या. प्रबंध जमा झाला आहे. आता ज्यांचा आलेख उलटा आला, त्यांना पुन्हा बोलावायचं आहे.