मार्च महिना, आयर्लंड आणि आपलं खामगाव

वाचनाचं चॅलेंज म्हटलं की लोकांना वर्षात शंभर पुस्तकं वगैरे आठवतं, मला ते आकड्यांचं प्रकरण अजिबात आवडत नाही, पुस्तकं काय क्विंटलवर मोजायची असतात का. पण देशांची चॅलेंजेस असतात ती मला फार आवडतात. कुणाचा तरी एखाद्या देशावर जीव असतो, तो म्हणतो चला एक महिना या देशाचं वाचू, आणि कुठकुठचे लोक येऊन मिळतात. जानेवारीत जपान, मार्चमध्ये आयर्लंड, नोव्हेंबरमध्ये जर्मनी. ऑगस्टमध्ये दुसऱ्या भाषांतून अनुवाद झालेल्या लेखिका, हे २०१४ पासून चालू आहे. नियम एवढाच की निदान एक पुस्तक वाचायचं आणि काय वाटलं ते बाकीच्यांना सांगायचं.

मी डब्लिनजवळ राहते त्यामुळे मार्च माझा हक्काचा. इथली सरकारी लायब्ररी फुकट, आणि २०१९ पासून उशीर झाला तरी दंड नाही, मोबाईलवर ई-पुस्तकंसुद्धा मिळतात, म्हणजे न वाचायला कारणच नाही. आता तुम्ही म्हणाल की आयर्लंडचं आणि आपलं काय. तर ऐका, जलंब ते खामगाव ही जी आपली छोटी रेल्वे आहे ना, ती १८७० मध्ये सुरू झाली तेव्हा उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. कशासाठी, तर कापसासाठी. हा मेयो मूळचा डब्लिनचा! १८७२ मध्ये अंदमानात शेर अली नावाच्या कैद्याने त्याला मारलं आणि त्याला पुरलं ते इथे किल्डेअर काउंटीत, जॉन्सटाउन म्हणून जागा आहे तिथे. हे वाचलं त्या दिवशी मला रात्री झोप येईना, आपलं वऱ्हाड आणि हा देश इतके जवळ आहेत हे मला शाळेत कुणी सांगितलंच नव्हतं.

मग यंदा मी मुद्दाम इथल्या शेतीचंच वाचायचं ठरवलं. आधी दुष्काळ. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला आणि पुढची काही वर्षं पीक सडतच गेलं. गरीब माणूस जवळपास फक्त बटाट्यावर जगत होता. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तेवढीच देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत या बेटावर ८१ लाखांच्या वर लोक होते, आणि आज उत्तर-दक्षिण दोन्ही भाग धरूनही तेवढे भरत नाहीत. मी वाचलेलं रोज व्हॉट्सअॅपवर आईला बोलून पाठवते, ती मावशीला ऐकवते, मावशी शेजारी ऐकवते, तर आईने विचारलं, "मंग गहू-गिहू काईच पिकत नव्हतं का त्यायच्याइथं?" पिकत होतं ना. गहू होता, ओट होते, पण ते विकून जमीनदाराचा खंड भरायचा, नाही भरला तर घराबाहेर. त्याच काळात धान्याची जहाजं इंग्लंडला जात होती. आई म्हणाली, "मंजे देणं आधी, पोट मंग." मी एवढी पानं वाचली पण इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडाचेही असेच हाल झाले होते, आईच्या आजीकडून तिने ते ऐकलेलं आहे, म्हणून तिला लगेच समजलं.

त्यानंतर पॅट्रिक कॅव्हना. मोनाहन काउंटीतला लहान शेतकरी, १९०४ चा जन्म, आणि कवी. १९४२ ची त्याची एक लांब कविता आहे, 'द ग्रेट हंगर', म्हणजे मोठी भूक, पण ती बटाट्याच्या दुष्काळावर नाही. एक शेतकरी आहे, मॅग्वायर नावाचा, वावर आणि म्हातारी आई यातच त्याचं वय निघून जातं आणि लग्न राहून जातं. दुष्काळानंतर इथे तसंच झालं होतं, जमिनीचे तुकडे नको म्हणून सगळं एका पोराला, आणि बरेच जण एकटेच म्हातारे झाले. मला वाचताना एकेक चेहरा डोळ्यासमोर येत होता. आपल्याकडे आज पोरींच्या घरचे सांगतात वावर असू दे पण पोरगा नोकरीवाला पाहिजे, आणि पस्तिशीतली पोरं पारावर बसून असतात. याच्यावर आपल्याकडे भाषणात विनोद करतात, हशा घेतात. कॅव्हनाने हसू केलं नाही, त्या माणसाच्या आत जाऊन बसला. चुलतभावाला मी ही कविता वऱ्हाडीत फोनवर सांगितली, तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणे, "पुढचं सांग." त्याला पुस्तकाचं कधी वेड नव्हतं बरं का.

देशावर प्रेम म्हणजे हिरवे डोंगर आणि समुद्राचे कडे, फोटोसाठी ते छानच आहे, पण मला हा देश खरा आवडायला लागला तो या वाचनाने. आणि इथल्या लोकांनी उलटं मला विचारलं, तुझ्याकडचं काय वाचायचं? लायब्ररीच्या वाचन गटात मी उद्धव शेळक्यांची 'धग' कादंबरी तोंडी सांगितली, कौतिक नावाच्या बाईची गोष्ट. एक बाई, आयुष्यभर गाई सांभाळलेली, मला थांबवून थांबवून विचारत होती, मग तिने काय केलं, मग पुढे काय झालं.

तर आता गावाकडच्यांना माझं म्हणणं असं की आपणही करू. जानेवारीत कापूस वेचणं, ऑगस्टमध्ये डवरणं-निंदणं, त्यामुळे जगाचे महिने आपल्याला जमणार नाहीत, आपण मे धरू, मृगाच्या आधी. गावच्या वाचनालयात जे असेल त्यातून देश निवडायचा. माझं मत जपान, कारण 'तोत्तोचान' मराठीत आहे आणि लहान पोरंही वाचतील. आईचं मत रशिया, तिच्या माहेरी ती जुनी स्वस्तातली रशियन पुस्तकं अजून पेटीत आहेत. चुलतभाऊ म्हणतो आयर्लंडच पुन्हा घ्या. ज्यांना यायचं त्यांनी एप्रिल संपायच्या आत देश कळवा, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी रोज बोलून पाठवीन.